बोल्यांचा ठराव आणि चवदार तळं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, आणि परवा लोकलमध्ये पुन्हा एकदा. ‘अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही ज्या जागी बोट ठेवलंय ती माझ्या जिव्हाळ्याची आहे, म्हणून सवडीने लिहायला बसले.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुम्ही लिहिलंय की, बोल्यांना मी ‘कामगार नेता आमदार झाला तर काय करू शकतो याचं उदाहरण’ म्हटलं, पण त्यांचं गाजलेलं काम म्हणजे विहिरी-पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा विधिमंडळातला ठराव. त्यात कामगारांचं काय? शिवाय तो ठराव म्हणजे नुसती शिफारस, तिच्यामुळे गावची एक विहीर खुली झाली नाही. महाडला पाणी प्यायले ते लोक, डोकी फुटली ती लोकांची, आणि श्रेय मात्र मी एका रावबहादुराला दिलं. अखेर १९२८च्या संपात गिरणी कामगारांनीच अर्ज-विनंत्या करणाऱ्या या मंडळींना मागे टाकलं, मग आज त्यांचे गोडवे कशाला?

तुमच्या प्रतिक्रियेतला एक मुद्दा सपशेल बरोबर आहे. त्याचं काय केलं ते शेवटी सांगते. बाकीच्यांबद्दल मात्र मला भांडायचं आहे.

पाण्याचा आणि कामगाराचा संबंध काय, इथून सुरुवात करते. मुंबईच्या गिरणीत त्या काळी अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता, म्हणून ही बंदी थेट पोटावर येत होती. आणि कारण काय दिलं जायचं? धोट्यातली, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी साधनातली, सुताची कांडी संपली की साचेवाला (माग चालवणारा) नवी कांडी घालायचा, धोट्याच्या बारीक छिद्राला तोंड लावायचा आणि सूत श्वासाने ओढून बाहेर काढायचा. दिवसभरात असं कितीतरी वेळा. सुताला थुंकी लागायची, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जायचा. म्हणून ‘तो’ नको. क्षयाचा जंतू एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो याची कुणाला फिकीर नव्हती, विटाळाची मात्र होती. पिण्याच्या पाण्याची व्यवस्थासुद्धा वेगळी असायची. आता सांगा, पाणवठ्याचा प्रश्न कामगारांचा नाही असं कसं म्हणायचं? दहा-बारा तास उकाड्यात आणि कापसाच्या धुळीत उभ्या असलेल्या माणसाला तहान लागते तेव्हा तो कामगारच असतो.

बोले हे जवळून बघत होते. १९१०च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कामगार हितवर्धक सभा उभी केली. गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे १८९७ साली प्लेगमध्ये गेले. त्यानंतर गिरणगावात कामगारांच्या बाजूने सरकार-दरबारी लिहिणारं, मालकाशी तंटा झाला तर मध्ये पडणारं असं फारसं कुणी उरलं नव्हतं. ती पोकळी या सभेने काही अंशी भरली. कामाचे तास कमी करा, अपघात झाला तर भरपाई द्या, मुलांच्या शिक्षणाची सोय करा, असे तिचे अर्ज असत. तुम्ही ‘अर्ज-विनंत्या’ हा शब्द तुच्छतेने वापरलाय. त्या काळी युनियन काढणं हेच कायद्याने सुरक्षित नव्हतं हे मात्र लक्षात घ्या. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात कामगार नेते वाडिया यांच्याविरुद्ध मालकांनी हायकोर्टातून मनाई हुकूम मिळवला होता. ट्रेड युनियन कायदा आला तो १९२६ साली, आणि त्यासाठी कामगार नेते ना. म. जोशी दिल्लीच्या कायदेमंडळात १९२१पासून मागे लागले होते. ज्या दहा वर्षांत बोले अर्ज लिहीत होते त्या वर्षांत लाल झेंड्याची युनियन अजून जन्मायची होती. नंतरच्या फूटपट्टीने आधीच्या माणसाला मोजू नये एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक आठवण, त्यांचा स्वभाव कळावा म्हणून. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराची छोटी सभा भरली होती. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या सभेच्या अध्यक्षस्थानी बोले होते, हे फारसं कुणी सांगत नाही. भंडारी समाजातला हा माणूस ठरावाच्या सोळा वर्षं आधी त्या वस्तीत जाऊन बसत होता. ठराव त्याला एका रात्रीत सुचला नाही.

आता ठरावाकडे. ४ ऑगस्ट १९२३. मुंबई प्रांताचं विधिमंडळ, म्हणजे त्या वेळचं लेजिस्लेटिव्ह कौन्सिल. बोल्यांनी मांडलेल्या ठरावाचा आशय असा : सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने स्थापन केलेल्या संस्थांच्या ताब्यातल्या सगळ्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखान्यांचा वापर अस्पृश्य वर्गाला करू द्यावा, अशी हे कौन्सिल शिफारस करतं.

‘शिफारस’ या शब्दावर तुम्ही अडून बसलात. मी ‘सार्वजनिक पैशातून’ या शब्दांवर अडून बसते. बोल्यांनी धर्माचा वाद घातलाच नाही. शास्त्र काय सांगतं, रूढी काय सांगते, या चर्चेत शिरले असते तर अजून तिथेच असते. त्यांनी विचारलं की ही विहीर कुणाच्या पैशाने बांधली? करातून बांधली असेल तर कर सगळ्यांनी भरलाय. हा हिशेब कामगार पुढाऱ्याचा आहे. पगारातून कापलेल्या पैशाचं काय झालं, हे विचारणाऱ्या माणसालाच तो सुचतो.

पुढे काय झालं? सप्टेंबर १९२३मध्ये सरकारने आपल्या खात्यांच्या प्रमुखांना ठराव अमलात आणायला कळवलं. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र भाषा मऊ झाली. कलेक्टरांनी आपल्या हद्दीतल्या संस्थांना सल्ला द्यावा, त्यांनी हे स्वीकारणं इष्ट आहे का याचा विचार करावा, अशी. सल्ला आणि विचार. गावच्या विहिरी बव्हंशी याच संस्थांच्या हातात. म्हणजे जिथे खरी गरज होती तिथे सक्ती नव्हतीच. इथपर्यंत तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तीन वर्षं बहुतेक ठिकाणी काही हललं नाही.

पण तुम्ही इथे थांबता आणि बोले इथे थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी, बरोबर तीन वर्षं नि एक दिवसाने, ते पुन्हा उभे राहिले. या वेळी ठराव असा की, ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं आधीचा ठराव पाळत नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. माझ्या लेखात हा दुसरा ठराव एका वाक्यात उरकला गेला, ही माझी चूक. खरं तर माझ्या लेखी बोल्यांची आमदारकी म्हणजे हा दुसरा ठराव. पहिला कुणीही सहृदय माणूस मांडू शकतो. तो मांडून टाळ्या घेऊन घरी जाता येतं. तीन वर्षांनी जुनी फाइल काढून, कुणी पाळलं आणि कुणी नाही हे बघून, पैशाची नाडी आवळायला सांगणं हे चिकाटीचं काम आहे.

याचं मोल मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी बारा वर्षं एका छोट्या युनियनच्या कार्यालयात बसत होते. कंत्राटी सफाई कामगार, बहुतेक बायका. एका नगरपालिकेत त्यांची मागणी होती हजेरी शेडवर पिण्याचं पाणी आणि कपडे बदलायला एक खोली. एवढीच. गटारात हात घालून आलेल्या बाईला हात-पाय धुवायला नळ नाही, प्यायचं पाणी समोरच्या टपरीवाल्याकडून मागायचं, आणि तो पेला देत नाही, वरून ओंजळीत ओततो. एकविसाव्या शतकातली गोष्ट सांगतेय. आम्ही धरणं धरलं. आठव्या-नवव्या दिवशी साहेबांनी चार जणींना आत बोलावलं आणि पहिला प्रश्न केला, “कुठे लिहिलंय असं?”

आमच्यातल्या सगळ्यात वयस्क मावशींनी पदराखालून दुधाची रिकामी पिशवी काढली. धुऊन वाळवलेली. तिच्यात चार घड्या घातलेली शासन निर्णयाची झेरॉक्स. घड्यांवर अक्षरं उडाली होती, तिथे पेनाने गिरवलेलं. मावशींना वाचता येत नव्हतं. कुठल्या ओळीखाली रेघ आहे ते त्यांना पाठ होतं. त्यांनी कागद टेबलावर उलगडला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, “ही सूचना आहे, सक्ती नाही.”

बाहेर आल्यावर मला रडू आलं होतं. मावशी म्हणाल्या, “अगं, पण वाचला ना त्यांनी.”

नळ आला तो पुढच्या उन्हाळ्यात. सुविधा दिल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही असं वरून आलं, त्यानंतर तीन आठवड्यांत. १९२३ आणि १९२६ या दोन ठरावांमधलं अंतर मला त्या तीन आठवड्यांत समजलं. म्हणून ‘नुसता कागद’ हे शब्द मला सहन होत नाहीत. कागद विहीर उघडत नाही हे मावशींना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी त्यांनी तो दुधाच्या पिशवीत जपला, कारण तो हातात असला की त्या मागायला गेलेल्या नसत, जे आपलं आहे ते विचारायला गेलेल्या असत.

महाडलाही मला हेच दिसतं. बोल्यांच्या ठरावानंतर महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४मध्ये चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव केला. तिथले समाजसुधारक सुरेंद्रनाथ टिपणीस यांचं नाव त्यासाठी आदराने घेतलं पाहिजे. पुढची तीन वर्षं तळ्यावर कुणी अस्पृश्य उतरला नाही. उतरला असता तर काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. मग १९ आणि २० मार्च १९२७ची, महाडला भरलेली अस्पृश्यांची परिषद. शेवटाला आंबेडकरांचे सहकारी अनंतराव चित्रे उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की या परिषदेचं एक काम राहिलंय. तळं नगरपालिकेने खुलं केलंय, मग चला, आत्ताच जाऊ. आणि डॉ. आंबेडकर पुढे, मागे ती मिरवणूक, अशी सगळी तळ्यावर गेली.

चित्र्यांच्या म्हणण्यातला आधार बघा. ‘आपण तळं घेऊ’ असा त्याचा सूर नव्हता, ‘तळं आपलं आहेच, जाऊन पाणी पिऊ’ असा होता. तीन वर्षं पडून असलेला ठराव त्या दुपारी उचलला गेला. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी अफवा उठली, जेवायला बसलेल्या, घरी परतणाऱ्या लोकांवर काठ्या चालल्या, आणि मग १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं. हे रक्त बोल्यांचं नव्हतं, तुमचं बरोबर आहे. पण त्या लोकांना गुन्हेगार ठरवणं सनातन्यांना आणि सरकारला जड गेलं ते कशामुळे, याचाही विचार करा.

आणि पुढचा भाग. महाडच्या नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला ४ ऑगस्ट १९२७ला. तारीख बघितलीत? बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. डिसेंबरात सनातन्यांनी कोर्टात दावा लावला आणि तळ्यावरच्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर तात्पुरता मनाई हुकूम आणला. मग सुरू झाली ती दहा वर्षांची कज्जेदलाली, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तळं नगरपालिकेचं की खासगी, आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी पुरातन रूढी वादींनी सिद्ध केली का, यावर तो खटला फिरला. म्हणजे पुन्हा बोल्यांचाच प्रश्न, की ही जागा सार्वजनिक आहे की नाही?

आता इंग्रज सरकारने दिलेल्या रावबहादूर या पदवीबद्दल. मलाही ती खटकते. त्या कौन्सिलात मतदानाचा हक्क मूठभरांना होता, गिरणीतल्या साचेवाल्याला तर नव्हताच, हेही खरं. पण मग आंबेडकरही १९२७च्या सुरुवातीला त्याच कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून बसले होते. महाडला ते तळ्याची पायरी उतरले तेव्हा आमदार होते! ना. म. जोशीही दिल्लीत नियुक्तच होते. खुर्ची कुणी दिली हे विचारावं, जरूर विचारावं. खुर्चीवरून काय मागितलं हे त्याहून जास्त विचारावं.

त्याच कौन्सिलातलं एक काम तर थेट तुमच्या कसोटीला उतरणारं आहे. कौन्सिलचे सभासद आसवले यांनी गिरणीतल्या बायकांसाठी बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल मांडलं. १९२८च्या जुलैत आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं की, बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि खर्चाचा भार मालकाने उचलला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. रोज आठ आणे. माझी पणजी गिरणीत रिळांवर होती. तिला हा कायदा कुणी केला ते ठाऊक नव्हतं. आजी सांगायची की तिच्या आईने आजीच्या धाकट्या भावाच्या वेळी भत्ता घेतला होता आणि त्यातून पितळेची कळशी आणली होती. कळशी आमच्याकडे आहे. तळाला पोचा आलाय.

राहता राहिला १९२८चा संप. त्या सहा महिन्यांच्या लढ्याबद्दल माझ्या मनात तुमच्याइतकाच आदर आहे. गिरणी कामगार युनियनने जे केलं ते कामगार हितवर्धक सभेला कधीच जमलं नसतं. इतक्या माणसांना इतके दिवस उपाशीपोटी एकत्र ठेवणं अर्ज लिहून होत नाही. पण त्याच संपाच्या वेळी विणकाम खातं अस्पृश्यांना खुलं करा ही मागणी यादीत घालून घ्यायला आंबेडकरांना पुढाऱ्यांशी झगडावं लागलं, आणि त्यांनी ती मान्य केली ती नाखुशीनेच. लढाऊ पुढाऱ्यांनाही धोट्याचा विटाळ ओलांडता येत नव्हता. पाच वर्षं आधी ज्याने तो विषय विधिमंडळात नेला, त्याला मागासलेला म्हणताना थोडं थांबायला हवं असं मला वाटतं.

तुम्ही विचारलंत, आज हे कशाला? दादरला पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाताना एस. के. बोले मार्ग लागतो. मंगळवारी तिथून हजारो माणसं चालतात. जुन्या मराठी पुस्तकांत ते सी. के. बोले असतात, पाटीवर एस. के., त्यामुळे हा तोच माणूस हेही पटकन जुळत नाही. मी फुलवाल्याला विचारलं, टॅक्सीवाल्याला विचारलं, एका शाळकरी मुलीला विचारलं. कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यांचा त्यात काही दोष नाही. आमदार म्हणजे उद्घाटनाच्या फलकावरचा फोटो एवढंच त्यांनी पाहिलंय. एखादा आमदार तीन वर्षांनी आपला जुना ठराव घेऊन परत उभा राहतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. तेवढ्यासाठी लेख लिहिला.

आता तुमचा बरोबर असलेला मुद्दा. लेखात मी लिहिलं होतं, ‘बोले यांच्यामुळे चवदार तळं खुलं झालं.’ हे वाक्य चुकीचं होतं आणि तळ्यावर गेलेल्यांवर अन्याय करणारं होतं. वीस मार्चला मी महाडला दोनदा गेले आहे. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, म्हाताऱ्या बायका बाटलीत पाणी भरून घरी नेतात, आणि तरी ते वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं. तुमच्याशिवाय कुणी ते दाखवलं नाही. काल रात्री ते काढलं. त्या जागी आता असं आहे : ‘बोल्यांनी विधिमंडळात ठराव आणला, महाडच्या नगरपालिकेने त्यावरून आपला केला, आणि तीन वर्षांनी चित्र्यांनी आठवण देताच आंबेडकर आणि त्यांच्यामागून आलेले लोक जाऊन पाणी प्यायले.’

दुसऱ्या ठरावावरचा परिच्छेदही वाढवला आहे. जमलं तर पुन्हा एकदा वाचा, आणि अजून काही खुपलं तर जरूर लिहा.